नाव नसलेल्यांची पानं

माझ्याकडे एका प्राण्याचे अकरा फोटो आहेत. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहाच्या सुमारास, मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांत गुडघे टेकून काढलेले. प्राणी हिरवा, साधारण दीड सेंटिमीटर लांब, अंगावर बारीक पांढरे ठिपके, पाठीवर दोन्ही बाजूंनी वर दुमडलेले पानासारखे पडदे. अकरापैकी सात फोटो हललेले आहेत, दोनांत माझ्याच हाताची सावली पडली आहे. उरलेले दोन उघडून मी गेली दोन वर्षं अधूनमधून बसते आणि हा कोण ते ठरवायचा प्रयत्न करते. तो सी-स्लग आहे, म्हणजे कवच सोडून दिलेली समुद्रातली गोगलगाय, आणि त्यातही ‘एलिसिया’ या गटातला, एवढं कळलं आहे. पुढे गाडी जात नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जीवशास्त्राशी माझा संबंध अकरावीत बायो सोडलं तिथे संपला. त्यामुळे हा लेख प्राण्यांबद्दल कमी आणि एका पुस्तकाबद्दल जास्त आहे. टेरेन्स गॉस्लिनर, आंखेल वाल्देस आणि डेव्हिड बेहरेन्स या तिघांचं ‘न्यूडिब्रँक अँड सी स्लग आयडेंटिफिकेशन : इंडो-पॅसिफिक’. पहिली आवृत्ती 2015ची, दुसरी 2018ची. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पार हवाईपर्यंतच्या समुद्रातले दोन हजारांहून जास्त सी-स्लग यात फोटोंसकट आहेत. डायव्हिंग करणारे लोक हे पुस्तक बोटीवर नेतात, त्यावर समुद्राचं पाणी सांडतात, आणि संध्याकाळी कॅमेऱ्याच्या पडद्याशी त्याची पानं ताडून बघतात. मी डायव्हिंग करत नाही. मी ते पलंगावर पडून कादंबरीसारखं वाचते, आणि माझी त्याच्याबद्दल तक्रारही आहे, प्रेमही आहे.

एक शब्द आधी मिटवून टाकू. मराठीत ‘प्रजाती’ या शब्दाचा घोळ आहे. विश्वकोशाच्या परंपरेत ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत मात्र ‘वाघाची प्रजाती’ म्हणतात तेव्हा स्पीशीज अभिप्रेत असते. मी इथे वर्तमानपत्रांच्या बाजूनं आहे. प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि जीनसला जीनसच म्हणते.

ओळख-पुस्तकाची समीक्षा कशी करायची? त्याला कथानक नाही, शैली जवळजवळ नाही. पण कुठल्याही यादीला भूमिका असते: कशाला वेगळं मोजायचं, कशाला नाही. या पुस्तकाची भूमिका त्याच्या प्रस्तावनेपेक्षा त्या पानांवर जास्त कळते जिथे प्राण्याला नाव नाही. पान उलटत गेलं की ओळखीच्या लॅटिन नावांची रांग संपते आणि मग त्याच जीनसच्या पुढे ‘एसपी १’, ‘एसपी २’, ‘एसपी ३’ असं सुरू होतं. एसपी म्हणजे पोलीस अधीक्षक नव्हे. स्पीशीजचं ते लघुरूप आहे, आणि त्याचा अर्थ असा की हा प्राणी वेगळा आहे असं आम्हाला वाटतं, पण त्याचं रीतसर वर्णन अजून कुणी प्रसिद्ध केलेलं नाही. काही जीनसांत अशा अनामिकांची रांग नामधारकांपेक्षा लांब आहे. संपूर्ण पुस्तकात ते शेकड्यांनी आहेत.

हे छापायला धाडस लागतं, असं मला वाटतं. गॉस्लिनर सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये आयुष्यभर हेच काम करत आलेले आहेत. नाव असलेल्यांचंच पुस्तक काढून त्यांना तज्ज्ञ म्हणून मिरवता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी आपल्याला काय माहीत नाही त्याची सचित्र यादी विकायला ठेवली. शिवाय त्या पानांवरचं गद्यही जास्त चांगलं आहे. नाव असलेल्या प्राण्याचा मजकूर मी वाचत नाही; फोटो बघते, नाव उचलते, पुढे जाते. एसपीच्या बाबतीत उचलायला नावच नसतं. त्यामुळे कडेची नारिंगी रेघ अखंड आहे की तुटक, डोक्यावरच्या शिंगांची (त्यांना ऱ्हायनोफोर म्हणतात, त्यांनी हा प्राणी पाण्यातला वास घेतो) टोकं पांढरी आहेत की पारदर्शक, अशा शब्दांना तिथे खरं काम करावं लागतं. वाचकालाही.

आता तक्रार. हे क्रमांक पुस्तकाचे आहेत, प्राण्याचे नाहीत. याच लेखकांचं याच विषयावरचं 2008चं पुस्तक घ्या, 2015चं घ्या. एका पुस्तकातला ‘एसपी’ क्रमांक दुसऱ्यात त्याच प्राण्याला असेल असं मुळीच नाही. मधल्या काळात काहींना नावं मिळतात, नवे अनामिक येऊन बसतात, रांग सरकते. माझ्या धंद्यात तात्पुरता आयडी बाहेरच्या जगाला दाखवायचा नाही हा पहिल्या वर्षीचा धडा असतो, कारण तो दाखवला की कुणीतरी त्याच्यावर काहीतरी उभं करतं. इथे तसंच झालं आहे. लोक आपल्या फोटोखाली ‘अमुक जीनस, एसपी ७’ असं लिहितात आणि कुठल्या पुस्तकातला, कुठल्या आवृत्तीतला ७ ते लिहीत नाहीत. शोधनिबंधांत मात्र हे काटेकोरपणे केलेलं दिसतं. नव्या प्रजातीचं वर्णन करताना आधी ती कुठल्या पुस्तकात, कुठल्या क्रमांकानं, कुठल्या पानावर छापली गेली होती याची यादी देतात. म्हणजे शास्त्रज्ञांना ही अडचण ठाऊक आहे. बोटीवरच्या वाचकापर्यंत ती पोचवलेली नाही.

दुसरी तक्रार फोटोंबद्दल. फोटोखाली ठिकाण असतं, छायाचित्रकाराचं नाव असतं. पण हा प्राणी फोटोनंतर कुठे गेला, म्हणजे एखाद्या संग्रहालयात बाटलीत आहे की तसाच समुद्रात सोडून दिला, ते त्या ओळीत नसतं. अनामिकांच्या बाबतीत हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. बाटली असेल तर ‘एसपी’ म्हणजे रांगेत उभा असलेला उमेदवार. बाटली नसेल तर तो निव्वळ एक फोटो आणि तिघा अनुभवी माणसांची नजर. पुस्तकात दोघे एकाच टायपात, एकाच आकारात छापलेले दिसतात. आणि जागांची नावं वाचली की फिलिपिन्स, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, हवाई ही पुन्हा पुन्हा येतात. शीर्षकातल्या ‘इंडो’ला शोधावं लागतं. साहजिक आहे, जिथे पाणी स्वच्छ तिथे डायव्हर, जिथे डायव्हर तिथे फोटो. मुंबईच्या गढूळ पाण्यात कोण कॅमेरा घेऊन उतरणार?

फोटोवरून ओळखण्याची ही गोष्ट नवी वाटते, पण नाही. वॉल्टर एलियट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता. मराठी वाचकाला तो तसा परका नाही: 1824 साली कित्तूरच्या लढाईत राणी चन्नम्माच्या सैन्यानं ज्यांना कैद केलं त्यांत हा होता, आणि पुढे त्यानं दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादीही प्रसिद्ध केली. नंतर तो विशाखापट्टणमच्या बाजूला असताना त्यानं तिथले सी-स्लग गोळा केले. दारूत बुडवलेले प्राणी आणि जिवंतपणी त्यांची काढलेली रंगीत चित्रं इंग्लंडला गेली. न्यूकॅसलमध्ये जोशुआ ऑल्डर आणि अल्बनी हॅनकॉक या जोडीनं त्यांवरून 1864 साली कितीतरी नव्या प्रजाती आणि जीनस वर्णिले. त्यातल्या एका जीनसचं नाव आजही ‘कलिंगा’ आहे. हे दोघे भारतात कधी आले नाहीत. तो जिवंत प्राणी त्यांनी पाहिला नाही. आज माझ्या फोटोवर दुसऱ्या खंडातला कुणी मत देतो ते याहून फार वेगळं नाही.

त्याच सुमाराला श्रीलंकेत एडवर्ड केलार्ट हा डॉक्टर तिथल्या स्लगांची वर्णनं लिहीत होता. तो 1860 साली वारला. त्याची वर्णनं त्रोटक. पुढच्या लोकांना त्यावरून प्राणी ओळखता येईनात. मग 1906 साली चार्ल्स एलियट (हा वेगळा, याच्या आडनावात एकच ‘एल’) यानं या सगळ्याची फेरतपासणी केली. हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचा कमिशनर, फिनिश भाषेचं व्याकरण लिहिणारा, पुढे जपानमध्ये राजदूत, ‘हिंदुइझम अँड बुद्धिझम’ या तीन खंडी ग्रंथाचा लेखक, आणि फावल्या वेळात सी-स्लगांचा जगातला एक मोठा जाणकार. त्याच्या आफ्रिकेतल्या राजकारणाबद्दल माझं मत चांगलं नाही, पण 1906चा तो निबंध मला फार आवडतो. त्याच्यापुढे एकीकडे केलार्टची चित्रं आणि दुसरीकडे न्यूकॅसलच्या हॅनकॉक म्युझियममधल्या ऑल्डर-हॅनकॉकच्या बाटल्या. चित्रात रंग आहे, आकार आहे, चाल आहे. पण चित्राचं पोट फाडून दात मोजता येत नाहीत. बाटलीत दात आहेत, जननेंद्रियं आहेत. पण दारूत रंग उडालेला, अंग आकसलेलं, आणि सगळे प्राणी सारखेच मळकट. दोन्ही अर्धे. जिथे जुळले तिथे नाव टिकलं. जिथे जुळले नाहीत तिथे नाव लोंबकळत राहिलं.

दातांचा मुद्दा इथे सांगायला हवा, कारण फोटोची मर्यादा तिथेच आहे. गोगलगाईच्या तोंडात कानशीसारखी एक फीत असते, तिला रॅड्युला म्हणतात. त्यावरच्या दातांची संख्या, आकार आणि ओळी हे प्रजाती वेगळ्या करण्याचं जुनं, भरवशाचं साधन. प्रत्येक सी-स्लग नरही असतो आणि मादीही, त्यामुळे त्याच्या जननसंस्थेची मांडणी बरीच गुंतागुंतीची, तीही कामाची. यातलं काहीही फोटोत येत नाही. फोटोत येतो तो रंग. आणि रंगावर किती विसंबावं?

याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर 2018 साली आलेल्या ‘हिप्सेलोडोरिस’ या जीनसवरच्या निबंधात आहे. गॉस्लिनर त्याच्या लेखकांपैकी एक. डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून त्यांनी एका झटक्यात 17 नव्या प्रजातींना नावं दिली. त्यांतल्या अनेक आधी ओळख-पुस्तकांत ‘एसपी’ म्हणून बसलेल्या होत्या, म्हणजे पुस्तकाची नजर तिथे बरोबर ठरली. पण त्याच निबंधात ‘हिप्सेलोडोरिस इबा’ आहे. ‘इबा’ हा फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेतला शब्द, अर्थ ‘वेगळा’. या प्रजातीत दोन रंग आहेत, एक फिकट आणि एक जांभळा, इतके निराळे की कुणीही दोन प्रजाती म्हणेल. धागा मिळाला तो दोन निराळ्या रंगांचे प्राणी एकमेकांशी समागम करतानाच्या एका फोटोमुळे. मग जनुकं तपासली, तर दोन्ही एकच. उलट, त्यातला जांभळा प्रकार आणि ‘हिप्सेलोडोरिस बुलॉकी’ ही पूर्ण वेगळी प्रजाती एकाच पाण्यात राहतात आणि हुबेहूब सारख्या दिसतात. म्हणजे एकाच उदाहरणात नजर दोन्हीकडून हरली: एकाचे दोन केले असते आणि दोघांचं एक. आणि तरीही शंका आली ती फोटोमुळेच, हे विसरून चालणार नाही. फोटो उत्तर देत नाही, पण कुठे सुरी चालवायची ते सांगतो. या पुस्तकाचं काम मी असंच समजते. हा प्रश्नांचा अॅटलस आहे आणि तो उत्तरांच्या कपड्यांत छापला आहे.

माझ्या हिरव्या प्राण्याच्या घराण्यात तर आणखी मोठा गोंधळ निघाला. 2013 साली पॅट्रिक क्रुग आणि सहकाऱ्यांनी वनस्पती खाणाऱ्या सी-स्लगांपैकी तीन ‘प्रजाती’ तपासल्या, ज्या फार मोठ्या प्रदेशात सापडतात असं मानलं जाई. त्या तीन नावांखाली वीस संभाव्य प्रजाती निघाल्या. ‘एलिसिया ऑर्नाटा’ हे नाव उष्ण कटिबंधातल्या सगळ्या समुद्रांत वापरलं जात होतं. त्यात एक कॅरिबियनची आणि चार आपल्या बाजूच्या निघाल्या. ‘प्लाकोब्रँकस ओसेलाटस’ हा तर प्रयोगशाळांचा लाडका. शैवालातलं हरितद्रव्याचं यंत्र गिळून ते अंगात चालू ठेवणारा प्राणी म्हणून त्याच्यावर साठहून जास्त वर्षं संशोधन झालेलं. त्या एका नावाखाली दहा. मग त्या साठ वर्षांतले प्रयोग दहांपैकी कुणावर झाले? दोन प्रयोगांची उत्तरं जुळली नाहीत तर चूक प्रयोगाची की प्राणीच वेगळा होता? नावाची हेळसांड ही हौशी लोकांची कुरकुर आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या प्रश्नावर थोडा वेळ घालवावा.

आता अॅप. पुस्तकाशी त्याची तुलना केल्याशिवाय ही समीक्षा पुरी होणार नाही, कारण आज किनाऱ्यावर पुस्तक घेऊन कुणी जात नाही, फोन घेऊन जातो. आयनॅचरलिस्टवर 2017पासून संगणक फोटो बघून नाव सुचवतो. मी त्याचे उपकार मानते; त्याच्याशिवाय मला ‘एलिसिया’ हा शब्दही कळला नसता. पण माझ्या फोटोवर त्यानं ऑर्नाटाच्या गोतावळ्यातलं एक नाव सगळ्यात वर ठेवलं आणि मी ते निवडलं. का निवडलं? वर होतं म्हणून. त्या गोतावळ्याची ओळख म्हणजे पडद्यांच्या कडेची काळी आणि नारिंगी किनार. माझ्या प्राण्याला काळी किनार नाहीच. हे मला दिसत होतं. तरी बोट गेलं.

हे असं का होतं ते मला कामामुळे थोडं कळतं. असं मॉडेल शिकवताना त्याला ठरावीक नावांची पेटी दिलेली असते, आणि फोटो आला की ते त्या पेटीतल्या नावांत आपला विश्वास वाटून टाकतं. वाटायचे गुण एकूण शंभर टक्के. ते कुणाला तरी द्यावेच लागतात. पेटीबाहेरचा प्राणी समोर आला तर मॉडेलला तो ओळखू येत नाही एवढंच नाही, तो पेटीबाहेरचा आहे हेही ओळखू येत नाही. त्याला फक्त कुणाचातरी चुलतभाऊ दिसतो. शिवाय पेटीत शिरायला शंभरेक फोटो लागतात. सी-स्लगांतल्या कितीतरी नामधारक प्रजातींचेही तेवढे फोटो नाहीत. अनामिकांची तर बातच सोडा, त्यांना नावांच्या यादीत खणच नाही. अॅप वर एक ओळ लिहितं की हा अमुक जीनसमधला असावा याची आम्हाला बऱ्यापैकी खात्री आहे. ती ओळ प्रामाणिक आहे. पण खाली नावांची यादी असताना ती ओळ कोण निवडतं?

पुढची पायरी जास्त काळजीची. मी सुचवलेलं नाव निवडलं, दुसऱ्या कुणी त्याला ‘सहमत’ म्हटलं, की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. असे फोटो मग पुढच्या मॉडेलला शिकवायला जातात. म्हणजे मॉडेलनं मला शिकवलं आणि मी मॉडेलला. आमच्या ऑफिसात कुणी अशी डेटा पाइपलाइन आणली तर रिव्ह्यूमध्ये त्याची शोभा होईल. इथे ती वाचते कारण मध्ये काही जाणकार माणसं रात्री जागून अशा नोंदी मागे, जीनसपर्यंत ढकलत बसलेली असतात. माझीही अशीच ढकलली गेली. ढकलणाऱ्यानं एकच ओळ लिहिली होती: पायाचा खालचा भाग दिसत नाही, आणि कशावर बसला होता ते दिसत नाही. मला तेव्हा राग आला होता.

या बाबतीत पुस्तक अॅपच्या पुढे आहे, आणि 2015चं छापील पुस्तक पुढे आहे हे मला गमतीचं वाटतं. पुस्तकाच्या पेटीत अनामिकाला खण आहे. शास्त्रात त्यासाठी एक पूर्ण व्याकरणच आहे. ‘एसपी’ म्हणजे प्रजाती ठरलेली नाही. ‘सीएफ’ म्हणजे अमक्याशी ताडून बघा, तोच असेल. ‘अॅफ’ म्हणजे अमक्याच्या जवळचा, पण तो नाही. शंकेच्या तीन छटा, तीन लघुरूपांत. मराठीत ‘बहुधा’, ‘जणू’ आणि ‘सारखा’ यांत जो फरक आहे, साधारण तसा. अॅपकडे एकच छटा आहे, टक्केवारीची, आणि तीही पडद्यामागे.

मग फोटोवरूनच नाव देऊन टाकलं तर? नियमानं ते अशक्य नाही. 2015 साली स्टीफन मार्शल आणि नील इव्हनह्यूस यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला निव्वळ फोटोंवरून नाव दिलं. त्यावरून वाद पेटला. 2016 साली पाचशेच्या आसपास शास्त्रज्ञांच्या सह्यांचा विरोधाचा लेख आला, आणि 2017 साली नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं आपल्या नियमांत शिफारशींची भर घातली: नमुना जपून न ठेवता वर्णन करायचंच असेल तर का ते सविस्तर लिहा. आपल्याकडे त्याआधीच एक उदाहरण झालेलं आहे. 2006 साली रमणा आत्रेय यांनी अरुणाचलातल्या ‘बुगुन लिओसिक्ला’ या पक्ष्याचं वर्णन केलं. जाळ्यात आलेल्या पक्ष्याचे फोटो काढले, गळलेली पिसं ठेवली आणि पक्षी सोडून दिला, कारण तेव्हा असे चौदाच पक्षी माहीत होते. आत्रेय पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ. ज्याला हात लावता येत नाही त्याचा अभ्यास करायची सवय असलेला माणूस. त्यांचं मला पटतं. पण पक्ष्याचं आणि स्लगचं गणित वेगळं आहे. पक्ष्याची पिसं रंगासकट राहतात आणि त्यांतून डीएनए निघतो. हिप्सेलोडोरिस इबाला निव्वळ फोटोवरून नाव दिलं असतं तर त्याची दोन नावं झाली असती, आणि ती दोन्ही पुढच्या माणसाला निस्तरावी लागली असती. चुकीचं नाव पुसायला नवं नाव देण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे मी विरोधकांच्या बाजूची आहे, थोड्या नाइलाजानं.

नाइलाज म्हणते तो मुंबईमुळे. 2017पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट इथल्या किनाऱ्यांवर फेऱ्या काढतो, आणि त्यांच्यामुळे माझ्यासारखे शेकडो लोक ओहोटीला खडकांत वाकून बघायला लागले. फेरीचा नियम: बघा, फोटो काढा, उचलू नका. नियम योग्यच आहे. शेकडो लोकांनी बाटल्या भरायला सुरुवात केली तर काय उरेल? पण त्यामुळे मुंबईच्या अनामिकांचं सगळं अस्तित्व फोटोंत आहे. दरम्यान 2018 साली कोस्टल रोडचं काम सुरू झालं आणि 2024च्या मार्चमध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं त्याआधी उचलून दुसरीकडे लावली गेली, कारण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात नावानिशी आहे. परिशिष्टात नाव लागतं. ‘एसपी’ला परिशिष्टात बसवता येत नाही, ‘सीएफ’ला परवानगी नाकारता येत नाही. भराव पडला त्या खडकांवर कोण कोण होतं हे आता कुठल्याही बाटलीवरून ठरवता येणार नाही. फोटो आहेत तेवढे आहेत. ते पुढे कुणाला उपयोगी पडायचे तर ते केलार्टच्या चित्रांपेक्षा बरे असायला हवेत.

तिसरी आवृत्ती निघालीच तर माझी मागणी साधी आहे. प्रत्येक अनामिकापुढे बाटली आहे की नाही याची एक खूण, आणि आधीच्या पुस्तकांतल्या क्रमांकांचा एक तक्ता शेवटी. चार पानं जातील. बाकी फोटो थोडे कमी देखणे चालतील. खालून काढलेला एक तरी असावा.

मी त्या खडकांवर मागच्या हिवाळ्यात परत गेले. या वेळी मोजपट्टी नेली, पांढरी बशी नेली. प्राणी मिळाला नाही. शेजारी एक मावशी कोयतीनं कालवं काढत होत्या. बराच वेळ मला बघून म्हणाल्या, “काय गं पोरी, हरवलं काय?” मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन, उन्हात आडवा-उभा करून पाहिला. “हा होय! हा आता कुठला. पाऊस सरला का येतो, त्या मऊ शेवाळावर. हे खरखरीत आहे ना, यावर नाय बसत.” नाव त्यांनाही माहीत नव्हतं. घरी येऊन मी नोंदीतलं प्रजातीचं नाव काढून टाकलं, नुसतं ‘एलिसिया’ ठेवलं, आणि टिपणाच्या चौकोनात लिहिलं: पावसाळ्यानंतर, मऊ हिरव्या शेवाळावर, माहिती स्थानिक, स्वतः पाहिलेली नाही.